मार्शमॅलो चाचणीचा अर्धाच निष्कर्ष

मा. संपादक,

‘जे मूल थांबते, ते पुढे यशस्वी होते’ हे सांगताना मार्शमॅलो चाचणीचा दाखला हमखास दिला जातो. मुलासमोर मार्शमॅलो या मऊ मिठाईसारखा एक खाऊ; हात न लावता थांबलास तर दोन. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांच्या या प्रयोगातील मुलांच्या १९९० मधील पाठपुराव्यात थांबण्याचा काळ आणि पुढचे परीक्षेतील गुण यांचा ठळक संबंध दिसला. पण मुले एकाच विद्यापीठाच्या बालवाडीतली, आणि गुणांचा तो सहसंबंध जेमतेम ३५ मुलांवर काढलेला! एवढ्या आधारावर कुणा मुलाचे भविष्य सांगणे अन्यायाचे आहे.

वॉट्स, डंकन आणि क्वान या संशोधकांनी २०१८ मध्ये ९०० हून अधिक मुलांची माहिती तपासली. संबंध मूळच्या निम्माच निघाला. कुटुंबाची परिस्थिती, घरातले वातावरण आणि लहानपणची आकलनक्षमता हिशेबात घेताच उरलेल्यातलाही सुमारे दोन तृतीयांश गळाला. मात्र या अभ्यासातही उणीव आहे. प्रतीक्षेची मर्यादा सातच मिनिटे होती आणि निम्म्याहून अधिक मुलांनी ती गाठली; त्यामुळे दीर्घकाळ थांबू शकणाऱ्या मुलांमधला फरक मोजलाच गेला नाही. शिवाय आकलनक्षमतेचा परिणाम वजा करताना संयमाचाही काही अंश वजा होत असावा.

पालकांनी २०१३ चा संशोधक सेलेस्ट किड यांचा छोटा प्रयोग जरूर लक्षात घ्यावा. मुले फक्त २८, पण मोठ्यांनी आधी शब्द पाळला तेव्हा ती सरासरी १२ मिनिटे थांबली; शब्द मोडला तेव्हा तीनच.

– बालविकासाचे अभ्यासक