बाबांची कवळी आणि आईची लवंग

वडोदरा, रविवार रात्र

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

इंदूरहून येऊन चार दिवस झाले, पण त्या सकाळचं दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही. पोह्यांवर शेव, लिंबू, सगळं होतं आणि बाबा दोन घासांत थांबले. "तिखट लागतंय," म्हणालात. त्यात एक मिरची नव्हती. खिडकीशी नेऊन मोबाइलच्या उजेडात तोंड पाहिलं, तर वरच्या कवळीच्या आकाराचा लालभडक चट्टा, कड अगदी पेन्सिलने आखल्यासारखी.

सहा महिन्यांत हे तिसऱ्यांदा झालं. आणि या वेळी फ्लुकोनाझोल, ती बुरशी मारणारी गोळी, दुकानातून परस्पर आणलंत. बाबा, तुम्ही साखरेसाठी ग्लिमेपिराइड घेता. फ्लुकोनाझोलमुळे ते शरीरात जास्त वेळ टिकतं आणि साखर एकदम खाली जाऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती गोळी पुन्हा घ्यायची नाही, एवढं माझं ऐका.

गोळीने चट्टा जातो आणि परत येतो, कारण कँडिडा ही बुरशी कवळीवरही बसलेली असते. कवळीचं अ‍ॅक्रिलिक प्लास्टिक डोळ्यांना गुळगुळीत दिसतं, पण त्यात बारीक छिद्रं असतात. तिथे ती तंतू सोडते आणि स्वतःभोवती चिकट थर विणते. याला आम्ही बायोफिल्म म्हणतो. थरातली साखरेची साखळी औषधाला वाटेतच धरून ठेवते, आतल्या पेशी शिरलेलं औषध बाहेर फेकतात, काही तर निपचित पडून राहतात आणि गोळी संपली की जाग्या होतात. मोकळ्या बुरशीला मारणारी मात्रा या थराला पुरत नाही.

आई, आता तुझी लवंग. तू तेलाचा बोळा लावायला निघालीस तेव्हा मी हात धरला, त्याचा तुला राग आला. पण मी दिवसभर त्याच लवंगेवर काम करते गं. तिच्या तेलातला मुख्य घटक युजेनॉल. प्रयोगशाळेत प्लास्टिकच्या तबकडीत शहाण्णव खळगे असतात. त्यांत बुरशीचा थर वाढू देतो, धुतो, मग जांभळा रंग घालतो. थर जाड तितका रंग गडद. युजेनॉलच्या ओळीत रंग फिका उतरलेला पाहिला की मला दर वेळी तुझा मसाल्याचा डबा आठवतो. ते बुरशीच्या पेशीचं आवरणच खिळखिळं करतं. 2012 साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की थरावर युजेनॉल आणि फ्लुकोनाझोल एकत्र दिलं तर दोघांचाही जोर वाढतो. दालचिनीतल्या सिनामाल्डिहाइडचाही थरावर परिणाम दिसला. मला यात खरंच आशा वाटते.

पण तबकडीत तेल तासन्‌तास थराला भिडून राहतं. तोंडात लाळ ते काही मिनिटांत धुऊन नेते, आणि ते पाण्यात नीट विरघळतही नाही. म्हणून मात्रा वाढवावी तर निखळ तेल नाजूक त्वचा भाजतं. बाबांचं तोंड आधीच सोललंय. त्यांना लावता येईल असं औषध अजून आमच्या हातात नाही.

1683 मध्ये लेव्हेनहुक नावाच्या डच कापडव्यापाऱ्याने दातांवरचा पांढरा थर भिंगाखाली धरला आणि त्यात हलणारे जीव पाहिले. त्याने तीव्र व्हिनेगरने चुळा भरल्या, तरी थराच्या आतले जिवंतच राहिले. तोच थर बाहेर काढून व्हिनेगरमध्ये कालवला, तर मेले. थर आधी मोडावा लागतो, हे मी विद्यार्थ्यांना याच गोष्टीवरून सांगते.

म्हणून कवळी घासायची. रोज, आतून-बाहेरून, मऊ ब्रश आणि साध्या साबणाने. पेस्टने ओरखडे पडतात आणि बुरशीला आणखी जागा मिळते. उकळतं पाणी नको, आकार बिघडेल. रात्री काढून पाण्याच्या डबीत ठेवायची. सकाळी टाळूही ओल्या मऊ फडक्याने पुसून घ्यायची. या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन कवळी सैल झाली आहे का ते पाहून घ्या.

बाबा, तुम्ही रात्री ती का काढत नाही, ते मला आईने सांगितलं. कवळीशिवाय कोणी पाहू नये म्हणून. मी वाचलंय की जपानमध्ये पंच्याऐंशीच्या पुढच्या माणसांवर झालेल्या अभ्यासात, कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका साधारण दुप्पट आढळला, आणि तेव्हापासून मला झोप नाही.

आई, निळी डबी पार्सलने पाठवली आहे, बेसिनजवळच ठेव. आता मी रोज रात्री दहाला, डबीचं झाकण लागल्यावर फोन करीन. बाबा, तुम्ही बोबडं बोललात तरी मला प्रत्येक शब्द कळतो.

तुमची,
माई