सोफा घेताना सासूबाईंना बरोबर न्या

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीतला हॉल सजवण्यावरचा लेख वाचला, फोटो मस्तच होते पण त्यातला तो एल शेपचा सोफा मुंबईत नेमका कुणाच्या हॉलमध्ये मावतो ते काही कळलं नाही. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये पुनर्विकासातल्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, १६० चौरस फुटांतून थेट ५०० मध्ये, आता तिथे सोफे चढणारच आणि चढू देत की, हौस आहे. पण कॉट काय काय करायची आठवा, दिवसा बसायला, रात्री दोघं झोपायला, खाली ट्रंका, गव्हाचा डबा, गणपतीचं मखर. साधा थ्री सीटर सात बाय तीन धरला तरी एकवीस चौरस फूट गेले आणि खाली केरसुणीही जात नाही.

माझा खरा राग उंचीवर आहे. हल्ली फॅशन म्हणून सीट चौदा-पंधरा इंचांवर आणतात, त्यात बसलं की गुडघे वर आणि माणूस खाली. आमच्या सासूबाई असल्या सोफ्यातून उठताना आधी पुढे सरकतात, मग टीपॉयला धरतात, मग शेवटी मला हाक मारतात. सतरा-अठरा इंच उंची, बाजूला घट्ट धरता येईल असे हात आणि जरा कडक सीट, एवढं असलं तर वयस्कर माणूस आपला आपण उठतो. दुकानात '४० डेन्सिटी आहे मॅडम, एकदम कडक' असं सांगतात ते ऐकू नका, ४० म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन ४० किलो, त्यावरून टिकेल किती त्याचा अंदाज येतो, कडकपणा वेगळा, तो बसूनच बघायचा आणि ज्याचे गुडघे दुखतात त्याला बसवून बघायचा. लेदरेट, म्हणजे नकली चामडं, तर नकोच, आपल्या दमट हवेत त्याचे पोपडे निघतात आणि ते सगळ्यांच्या पाठीला चिकटतात.

ओशिवऱ्याच्या फर्निचर मार्केटमध्ये माप दिलं की तसा बनवून देणारे आहेत, फक्त जाताना हॉलबरोबर लिफ्टच्या दाराचंही माप न्या, नाहीतर हमाल मजल्यामागे पैसे मागतात.

पुढच्या वेळी फोटोखाली सीटची उंची आणि हॉलचं माप छापाल का? आणि खाली स्टोरेजवाल्या दिवाणावर एखादा लेख येऊ द्या, तो विकणारे जाहिरात देत नसतील तरी.

– एक वाचक, परळ