गाठ वाढली तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत

नाशिक

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई म्हणाली, "औषध लागू पडत नाही गं, मानेतली गाठ आवळ्याएवढी झाली." मी काही बोलणार तोच बाबांनी फोन घेतला आणि पावसाचं सांगायला लागले. म्हणून लिहितेय. बाबा, हे आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधलं गाळू नका.

आधी मुद्द्याचं. टीबीच्या गाठींचं औषध सुरू झालं की काही जणांच्या गाठी कमी होण्याआधी वाढतात. औषधाने जंतू मरतात, पण त्यांचे अवशेष गाठीतच राहतात. इतके दिवस दबलेली प्रतिकारशक्ती जोर धरते आणि त्या अवशेषांवर तुटून पडते. मग गाठ सुजते, ठणकते, कधी शेजारी नवी उठते. त्याचा अर्थ गोळ्या वाया गेल्या असा नाही. अर्थात आई, तुझी गाठ यामुळेच वाढली की आणखी कशाने, हे मी इथे बसून ठरवणार नाही. गुरुवारी सिव्हिलमध्ये दाखवून या. आत पू झाला असेल तर डॉक्टर सुईने ओढून काढतील. तोवर रोजच्या तीन गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत.

आणि काकूंनी सांगितलेल्या त्या माणसाकडे तर मुळीच जायचं नाही. लेप लावून काही होणार नाही, आणि त्याने गाठीला चीर दिली तर ती जखम महिनोन् महिने वाहत राहते. आमच्या लॅबमध्ये असे पेशंट येतात, कॉलरखाली फडकं दाबून. काढायचीच झाली तर सर्जन गाठ अख्खी काढतात, अर्धवट फोडत नाहीत.

बाबा, तुमची शंका मला ठाऊक आहे. खोकला नाही, मग टीबी कसला? टीबी फुप्फुसाबाहेरही होतो, आणि आपल्याकडे त्यात मानेच्या गाठींचे पेशंट पुष्कळ असतात. पूर्वी गंडमाळ म्हणायचे, ती बहुतेक वेळा हीच. मानेत एरवीही शेकड्याने लसिकाग्रंथी, म्हणजे जंतू अडवणाऱ्या बारीक गाठी, असतात. दात किडला, घसा धरला की त्या फुगतात आणि आपोआप बसतात. म्हणून आधी आईच्या दाढेवर संशय घेऊन अँटिबायोटिक दिलं, दोन आठवडे वाट पाहिली, ते रीतीला धरूनच होतं. गाठ बसली नाही, उलट दोन-तीन गाठी एकमेकींना चिकटल्या, संध्याकाळी कणकण येऊ लागली, वजन 46 किलोवर आलं. तेव्हा सुईची तपासणी झाली.

हे काम माझ्या रोजच्या हातातलं. इंजेक्शनच्या बारीक सुईने गाठीतला अंश ओढतात आणि मी तो काचेवर पसरते. टीबीच्या गाठीतून बरेचदा रक्ताऐवजी पिवळट, चोथ्यासारखं काहीतरी येतं. लाल रंग देऊन गरम करायचं, आम्लाने धुवायचं, वर निळा रंग द्यायचा. निळ्या पार्श्वभूमीवर एखादी लालसर काडी दिसली की तोच जंतू. रॉबर्ट कॉखने 1882 साली शोधलेला. पण गाठीत जंतू थोडे असतात, काचेवर ते न दिसणं नेहमीचंच. म्हणून तोच नमुना जंतूचा डीएनए शोधणाऱ्या सीबीनॅट मशीनमध्ये घालतात. सुमारे दोन तासांत जंतू आहे का आणि टीबीच्या मुख्य औषधाला, रिफाम्पिसिनला, दाद देतो का, दोन्ही कळतं. आईच्या रिपोर्टात जंतू सापडला, आणि तो दाद देणारा निघाला. तेव्हा अंदाजाने औषध सुरू केलंय असं कुणालाही म्हणू देऊ नका.

दोन महिने चार औषधं, एकाच गोळीत मिसळलेली, पुढे चार महिने त्यातली तीन. लघवी केशरी होते ती रिफाम्पिसिनमुळे, तिला घाबरू नकोस. सांधे दुखले तर सांग, सोसत बसू नकोस. पण डोळे पिवळे दिसले, सारखी मळमळ होऊन अन्न नकोसं झालं, किंवा लाल-हिरवा रंग नीट ओळखू येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणखी एक. रिफाम्पिसिनमुळे तुझ्या बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिनचा असर कमी होतो. गुरुवारी बीपी मोजून घे आणि दोन्ही औषधांची पाकिटं डॉक्टरांपुढे ठेव. सहा महिन्यांनंतरही बारीक गाठ हाताला लागेल कदाचित. ती वाढत नसेल तर डॉक्टर बहुधा नुसती नजर ठेवायला सांगतील.

दादाकडून कळलं की तू ताट-वाटी वेगळी ठेवलीस, आणि छोटू आला तेव्हा त्याला मांडीवर घेतलं नाहीस. आई, तुझ्या छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे. गाठीतला टीबी श्वासातून पसरत नाही, भांड्यांतून तर नाहीच नाही. ते ताट परत फळीवर ठेव. आणि छोटूला घे गं, तो विचारत होता आजी रागावलीय का.

आता बाबा, तुमच्याकडे वळते. तंबाखू धरणाऱ्या माणसाच्या मानेत टणक, न दुखणारी, जागची न हलणारी गाठ आली तर आमच्याकडे आधी त्याचं तोंड उघडून बघतात. तुम्हाला गाठ नाही, पण दिवाळीत तुमच्या डाव्या गालात पांढरा चट्टा मी पाहिलाय, आणि तुम्ही "चुना लागला" म्हणून विषय बदललात. गुरुवारी आईसोबत जाताच आहात, तर दंतविभागात तोंड दाखवून या. पुडी घरी ठेवून जा म्हणजे झालं.

संध्याकाळी फोन करा. आईचं वजन आणि बीपी, दोन्ही आकडे मला हवेत.

तुमची,
मनू

ता. क. टीबीच्या पेशंटला आहारासाठी सरकार देतं ते निक्षय पोषणचे पैसे, महिन्याला 1,000 रुपयांप्रमाणे, आईच्या खात्यात यायला हवेत. आले नसतील तर आशाताईंना विचारा, खातं आधारला जोडलंय का ते बघायला सांगा. ते पैसे आईच्या अंड्यांचे आणि शेंगदाण्यांचे आहेत बाबा, त्यातून परस्पर वीजबिल भरायचं नाही.