‘त्रास झाल्यास दाखवावे’ म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या आईच्या खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया अगदी व्यवस्थित पार पडली. पाचव्या दिवशी तिला घरी सोडले. डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या यादीखाली एवढेच लिहिले होते : ‘त्रास झाल्यास दाखवावे.’

नवव्या दिवशी तिची डावी पोटरी सुजली, हाताला गरम लागू लागली. ऑपरेशननंतर थोडी सूज यायचीच, असे समजून आम्ही पाय शेकला आणि तेल लावून चोळूनही दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला अचानक दम लागला, छातीत कळ आली. पोटरीतल्या शिरेत साकळलेल्या रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकली होती. वेळेत उपचार मिळाले म्हणून आई वाचली. अशी सूज चोळायची नसते, चोळण्याने गुठळी सुटू शकते, हे मला त्या दिवशी कळले.

नंतर आणखी एक गोष्ट उघड झाली. रक्त गोठू नये म्हणून दिलेली गोळी आईने घरी आल्यावर तीन दिवसांतच थांबवली होती. ‘आता दुखत नाही, मग गोळी कशाला?’ असे तिचे म्हणणे. ती दुखण्याची गोळी नाही, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण महिनाभर गुठळीचा धोका राहतो म्हणून ती दिली आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. आम्हीही विचारले नव्हते.

रक्तप्रवाह मंदावणे, शिरेला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे ही गुठळीची तीन कारणे. एकोणिसाव्या शतकातील जर्मन वैद्यक रुडॉल्फ फिरखो यांचे नाव आजही या त्रयीला जोडले जाते. शस्त्रक्रियेनंतर अंथरुणाला खिळलेल्या माणसात ही तिन्ही एकत्र येतात. म्हणून तर डॉक्टर लवकर उठवून चालायला लावतात. आम्ही मात्र ‘आईला आराम हवा’ म्हणून तिला उठूच देत नव्हतो!

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची तपासणी यादी जाहीर केली. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत तिचा वापर झाल्यावर मोठ्या गुंतागुंतींचे प्रमाण 11 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. मृत्यूही जवळजवळ निम्म्याने घटले. रुग्ण तोच ना, जागा तीच ना, प्रतिजैविक वेळेवर दिले का, असे हे साधे प्रश्न आहेत. पण ती यादी ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी संपते. त्यापुढचे दिवस ज्यांच्या भरवशावर काढायचे, त्या घरच्यांच्या हाती काय असते?

सांगितले तर रुग्ण घाबरेल, असे काही डॉक्टर म्हणतात. त्यांचा हेतू चांगला असेलही, पण मला ते पटत नाही. न सांगितल्यामुळे आम्ही गाफील राहिलो आणि घाबरायचे तेव्हा घाबरलो नाही. जखमेभोवतीची लाली पसरू लागली, पू आला, थंडी वाजून ताप भरला, लघवी कमी झाली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट पाहायची नाही, हे सांगायला दोन मिनिटे लागतात.

आपल्याकडूनही लपवाछपवी होते. सिगारेट, तंबाखू, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, न जुमानणारी साखर यांबद्दल भीडेपोटी खरे सांगितले जात नाही. धूम्रपान शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी थांबवले तरी गुंतागुंत कमी होते. उपाशी राहायला सांगितले असताना काही खाल्ले असेल तर तेही सांगून टाकावे, कारण भूल दिल्यावर पोटातले अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकते.

माझी विनंती एकच आहे. ‘त्रास’ या एका शब्दाऐवजी चार-पाच ठरावीक लक्षणे, प्रत्येक गोळी कशासाठी आणि किती दिवस, आणि रात्री कोणता फोन उचलला जाईल, एवढे रुग्णाला वाचता येईल अशा भाषेत डिस्चार्जच्या कागदावर असावे. आपण आरोग्यविषयक मजकुरात हा विषय लावून धरावा.

दुसऱ्यांदा घरी सोडताना मी कागद परत पुढे केला. परिचारिकेने पेनाने मोठ्या अक्षरांत लिहून दिले : ‘पोटरी सुजली किंवा दम लागला, तर लगेच या. चोळू नका.’ तो कागद आईच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर अजून आहे.

आपली,
एक वाचक