पालकमंत्री साहेब, गप्पी मासे ओढ्यात सोडू नका

मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा,
साहेब नमस्कार,

पावसाळा आला की आपल्याकडं डेंग्यूची मोहीम निघते, फवारणी, धूर, घरोघरी हौदांची तपासणी, आणि त्यातच डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे पिशव्या भरून आणून दिसेल त्या पाण्यात सोडतात, फोटो पण होतो. हौदात सोडा, टाकीत सोडा, काही म्हणणं नाही. पण ओढ्यात, विहिरीत, तळ्यात कशाला ओ?

टाचणी नावाचा किडा बघितलाय का कधी? चतुरापेक्षा बारीक, बसली की पंख मिटून पाठीवर धरते. ओढ्याकाठी नर मादीला मानेला शेपटीनं धरून ठेवतो आणि मादी पाण्यातल्या काडीला चीर पाडून आत अंडी घालते. पिल्लू पाण्यातच वाढतं, खालचा ओठ घडी करून ठेवलेला असतो, डासाची अळी जवळ आली की तो फाडकन पुढं टाकून पकडतं. म्हणजे फुकटात डास खाणारं कुणीतरी तिथं आधीच हजर आहे आणि आपण त्यालाच खाणारे मासे विकत आणून सोडतोय!

मनाचं सांगत नाही. हवाई बेटांवर १९०५ साली डासांसाठीच गंबुशिया मासे सोडले, नंतर गप्पी पण आले. तिथली एक नारिंगी-काळी टाचणी होनोलुलूत लोकांच्या बागेतल्या हौदात पण दिसायची एवढी कॉमन होती. तिची पिल्लं उघड्यावर पोहतात, माशांना आयतंच मिळालं, वर ओढ्यांचं पाणी शेतीला आणि शहराला वळवलं. शेवटी ओआहू बेटावर ती एका मिलिटरी हॉस्पिटलच्या आवारातल्या जराशा ओढ्यात उरली आणि २०१६ ला अमेरिकन सरकारनं तिला संकटग्रस्त यादीत घातलं. जगभरात चतुर-टाचण्यांच्या १६ टक्के जाती धोक्यात आहेत असं आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संस्थेनं २०२१ मध्येच सांगितलंय.

आपल्याकडच्या पिवळ्या टाचण्या अजून भरपूर दिसतात, खोटं कशाला बोलू. पण आपले ओढे बारमाही आहेत का? उन्हाळ्यात एखादा डोह उरतो, मग मासे आणि पिल्लं त्यातच कोंडून राहतात, काय होणार ते कळतंयच की.

आणि डेंग्यूचा डास वाहत्या ओढ्यात वाढतच नाही, तो वाढतो घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात. उजनी धरण भरलेलं असलं तरी शहरात नळाला रोज पाणी येत नाही, बॅरल भरून ठेवल्याशिवाय बायकांनी करायचं काय?

तेव्हा जिल्ह्यासाठी एक साधं पत्रक काढा, गप्पी फक्त हौदात आणि टाकीत, बाकी कुठं नाही. नाला खोलीकरणाला जेसीबी लावताना एका काठाचं गवत तरी राहू द्या, अंडी तिथल्याच काड्यांत असतात. आणि पाणी रोज सोडायचं तेवढं बघा.

आपला,
एक सोलापूरकर