आरे-वारेचा निळा उजेड

रत्नागिरी,
डिसेंबर

प्रिय मित्रा,

नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून आलेलं तुझं पत्र वाचलं. ध्रुवीय प्रकाश बघायला इतक्या थंडीत रात्रभर डोंगरावर उभा राहिलास आणि ढग हटलेच नाहीत, वाचून फार वाईट वाटलं. पण नशिबात नव्हतं असं नको म्हणूस. सूर्याच्या सक्रियतेची भरती-ओहोटी साधारण अकरा वर्षांची. 2024 मध्ये ती ऐन भरात होती, पण उतरणीच्या वर्षांतही मोठी सौर वादळं येतात, आणि तो प्रकाश त्यांच्यामुळेच खुलतो. मे 2024 च्या वादळात तर आपल्या लडाखात, हानलेला, आकाश लाल झालं होतं. पुन्हा जा.

मीसुद्धा काल रात्री उजेड बघायलाच गेलो होतो, आरे-वारेच्या समुद्रकिनाऱ्यावर. अमावस्येच्या आसपास भरती मध्यरात्रीच्या सुमाराला पुरी होते, म्हणून जेवूनच निघालो. सोबत शेजारचे काका, सगळं आयुष्य रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढण्यात गेलेलं. जमिनीकडून येणारा मतलई वारा झोंबत होता. सुरूच्या बनापाशी बराच वेळ बसलो, काही नाही. मग एक लाट फुटली आणि तिच्या कडेने निळी रेघ धावत गेली. पाठोपाठ दुसरी. पाण्यात पाय टाकला तर घोट्याभोवती निळं चमचमलं! नॉक्टिलुका नावाचा हा जीव एकपेशीय, जेमतेम मिलिमीटरभर. पाणी ढवळलं की त्याच्यातलं ल्युसिफेरिन ऑक्सिजनशी मिळतं आणि क्षणभर प्रकाश पडतो. तू ज्याची वाट बघत होतास तो हिरवा रंगही ऑक्सिजनचाच, शंभरेक किलोमीटर उंचीवरचा. हे आठवलं तेव्हा तू शेजारी हवा होतास असं फार वाटलं.

काका मात्र गप्प. म्हणाले, "असं पाणी झालं की म्हावरं लांब जातं." खरंच आहे. नॉक्टिलुका दाट झाला की मासे तिथे थांबत नाहीत, आणि या शतकाच्या सुरुवातीपासून अरबी समुद्रात हिवाळ्यात तो वाढलाच आहे. तेव्हा या उजेडाचा नुसता आनंद मानता येत नाही.

मला राग येतो तो किनाऱ्यावरच्या हॅलोजनचा. त्या झोतात लाट नुसती पांढरी दिसते. दोन वळणं पुढे गेलो तेव्हा कुठे काळोख मिळाला. ढगांपुढे तुझं काही चालत नव्हतं, पण दिवे रात्री दहानंतर मालवता येतात. तशी मागणी करणारा अर्ज ग्रामपंचायतीसाठी लिहिलाय, सोबत पाठवतोय. त्यातला शास्त्राचा भाग तपासून दे, आणि जरा लवकर. ग्रामसभा 26 जानेवारीला आहे.

तुझाच