डेअरिंग नाही, शायनिंग

संपादक साहेब, नमस्कार. परवा संध्याकाळी दादरहून स्लो लोकल पकडली, कुर्ला सुटलं आणि एक पोरगा एका हाताने दांडा धरून बाहेर लटकला, त्याचा मित्र मोबाईलवर शूट करतोय आणि आतून कोणीतरी बोललं, काय डेअरिंग आहे यार! माझा जीव खालीवर झालाच पण हा शब्द जास्त खटकला. धाडस वेगळं, आणि चार लोक बघतायत म्हणून केलेलं वेगळं, त्याला फुशारकी म्हणा नाहीतर आपल्या मुंबईच्या भाषेत शायनिंग मारणं. मर्दुमकी शब्दाचं बघा ना, मूळ अर्थ पराक्रम, पण आता आई "मोठी मर्दुमकी गाजवून आलास" म्हणते तेव्हा ती ओरडत असते.

रेल्वे कर्मचाऱ्याने हटकल्यावरही फूटबोर्डवर लटकत राहिलं तर रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १५६ खाली ३ महिन्यांपर्यंत कैद, ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच लाईनवर भर पावसात रात्री टॉर्च घेऊन रूळ तपासत चालणारे ट्रॅकमन असतात, डेअरिंग हा शब्द त्यांच्यासाठी ठेवा, आणि निदान बातमीत तरी अशा पोरांना डेअरिंगबाज लिहू नका ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, भांडुप